कपाटातल्या नऊ बाटल्या

कळवणच्या कोर्टात साक्षीला जायचं म्हटलं की माझं अंग आदल्या दिवसापासूनच दुखायला लागतं. नाशिकच्या सरकारी प्रयोगशाळेत आम्ही रक्तातलं अल्कोहोल तपासतो. बहुतेक खटल्यांत आमचा छापील अहवालच साक्ष देतो, माणसाला कोणी विचारत नाही. या खटल्यात बोलावलं होतं, तेही तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा नुसती पुढची तारीख घेऊन परतले होते.

आरोपी शाळेच्या बसचा ड्रायव्हर. वणीच्या रस्त्यावर त्याच्या रिकाम्या बसचा एका मोटारसायकलला धक्का लागला. जमलेली माणसं म्हणाली, प्यायलाय. पोलिसांनी रक्त काढायला लावलं, माझ्या अहवालात आकडा मर्यादेच्या वर निघाला आणि त्याची नोकरी गेली. निर्दोष सुटला तर शाळा परत घेणार होती. नाहीतर संपलंच.

जायच्या आदल्या दुपारी फाईल काढली आणि कपाळाला हात लावला. रक्त घेतलेलं चैत्रातल्या यात्रेच्या तोंडावर. यात्रेत अख्खं पोलीस ठाणं देवीच्या गडावर बंदोबस्ताला, नमुने नाशिकला आणणार कोण? त्यात आठ-दहा साठले की एकाच खेपेत आणायचे, ही त्यांची जुनी रीत. बाटली बारा दिवस ठाण्याच्या लोखंडी कपाटात पडून होती, भर उन्हाळ्यात. आणि कामाच्या कच्च्या कागदावर माझंच अक्षर: ‘साधी बाटली. गुठळी. आंबूस वास.’

अशा रक्ताला राखाडी बुचाची बाटली लागते, तिच्यात रक्त टिकवायची पूड असते. साध्या बाटलीतलं रक्त उन्हाळ्यात आंबू शकतं, आणि आंबलं की दारू तिथेच तयार होते. द्राक्षांच्या गावात हे मी कुणाला शिकवावं! यंत्राचा काही दोष नव्हता. बाटलीत होतं तेवढं त्याने सांगितलं. ते ड्रायव्हरच्या पोटातून आलं की कपाटात झालं, हे त्या यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार?

मग पक्क्या अहवालावर ‘नमुना योग्य स्थितीत मिळाला’ कसं? अहो, तो शिक्का. सकाळी चहा येईपर्यंत मी दिवसभराच्या कोऱ्या अहवालांवर तो धडाधड मारून ठेवायचे. बाटल्या नंतर उघडायच्या. आम्ही सगळेच तसं करायचो. गुठळी दिसली ती कच्च्या कागदावर लिहिली, पण देवाशपथ सांगते, शिक्का खोडायचं डोक्यातच आलं नाही. कच्चा कागद प्रयोगशाळेबाहेर जातच नाही.

या वेळी मी तो पर्समध्ये घालून नेला. का, ते मलाही ठरवता आलं नव्हतं.

सरकारी वकील म्हणाले, “मॅडम, अहवाल माझा, सही माझी, एवढं बोला आणि मोकळ्या व्हा.” आरोपीच्या वकिलाने यंत्र शेवटचं कधी तपासलं एवढंच विचारलं. बाटलीबद्दल चकार शब्द नाही. झालेच होते की मी मोकळी! साडेतीनची बसही मिळाली असती. ड्रायव्हर मात्र कोपऱ्यात हात जोडून माझा शब्द न् शब्द ऐकत होता.

“साहेब, मला अजून सांगायचंय,” मी म्हटलं आणि पर्स उघडली. कच्चा कागद पुढे ठेवला, बाटली, गुठळी, वास, सगळं सांगितलं. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू? न्यायाधीशांनी शिक्क्याचं दोनदा विचारलं. मी दोनदा सांगितलं, “बाटली उघडायच्या आधी मारला होता.”

बाहेर नळापाशी ड्रायव्हर भेटला. शिव्या खायची माझी तयारी होती.

“पितो मी मॅडम, सणासुदीला,” तो म्हणाला. “पण बसवर कधीच नाय. दोन वर्सं घसा फोडून सांगतोय. घरी गेलो की माझी पोरगीबी तोंडाचा वास घ्यायची.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

त्याने तोंडावर पाणी मारलं, गमछाने पुसलं. मग विचारलं, “त्या कपाटात माझ्यासंगं अजून किती बाटल्या व्हत्या?”

“आठ.”

“त्यांचं काय झालं?”

त्या आठही अहवालांवर माझाच शिक्का आहे. त्यांच्या खटल्यांत मला कोणी बोलावलंच नाही.