नाक्यावर मी काय बोललो

दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की तिथली केटलीसुद्धा ती पाठ म्हणून दाखवेल. पण खरं घडलं ते कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून आम्हाला परदेशात धाडलं होतं. तिथलं सरकार आपल्याच माणसांना घरातून उचलून न्यायचं. जगभर बोंब झाली, देशोदेशीचे साहेब चौकशीला आले, अन् त्यांची गाडी माझ्या हाती आली. तिथले मच्छर कोंबडीएवढे — बरं, चिमणीएवढे. सवय जात नाही बघा.

पुलापलीकडच्या गावात एक म्हातारी होती. तिच्या दोन्ही मुलांना सैनिकांनी तिच्यादेखत नेलं होतं. अख्ख्या गावात बोलायला तयार झाली ती एकटीच. साहेब आत तिची जबानी घेत होते. सोबत दुभाष्या, तिथलाच, शांत माणूस. मी अंगणात. म्हातारीनं मला भाजलेलं कणीस अन् शेंगदाण्याची चटणी दिली — आपल्या ठेच्याची सख्खी बहीण!

निघताना साहेबांनी बजावलं, कुठं गेलो, कोणाला भेटलो, अवाक्षर काढायचं नाही.

वाटेत सरकारी नाका लागला. साहेब अन् दुभाष्या कागद दाखवायला आत गेले. बाहेर शिपाई — हसरे, सिगारेट पुढं करणारे. ऐकणारे मिळाले की माझं काय होतं, हे का मी सांगायला हवं? मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत सुरू झालो. काय चटणी खाल्ली म्हणून सांगू! कुठं, त्यांनी विचारलं. सांगितलं. ते हसले, मी फुललो. फार बरं वाटलं होतं — तेही सांगतो.

पुढच्या खेपेला त्या घरात कोणी नव्हतं. चूल विझलेली, कणसं अंगणात तुडवलेली. शेजारी मान वर करेनात.

कोणी फोडलं? साहेबांचा संशय दुभाष्यावर गेला. गाडीच्या आरशात तो माझ्याकडं बघत होता. त्याला कळलं होतं का? काय माहीत. मी गिअर टाकला. त्याला कामावरून काढलं. छावणीच्या फाटकाबाहेर, त्याच सरकारच्या रस्त्यावर, मीच त्याला सोडून आलो. पुढं देशोदेशीच्या सरकारांनी तीव्र चिंता व्यक्त केली, अन् आम्ही घरी परतलो.

टपरीवरची पोरं म्हणतात, "काकाजी, थे नाक्यावरचं सांगा नं!" मी सांगतो. त्या गोष्टीत मी शिपायांना थाप मारून भलत्याच गावाला धाडतो, म्हातारी वाचते. कालही वाचली.

जन्मभर थापा मारल्या. त्या नाक्यावर मात्र अक्षर न् अक्षर खरं बोललो — पूल, वडासारखं झाड, निळं दार.