बंडोपंतांची शाकाहारी कोंबडी

बंडोपंतांना जगातलं सगळं कळतं. ही माझी तक्रार नाही, त्यांचं स्वतःचंच मत आहे, आणि वर्धेलगतच्या पिपरी मेघेतल्या आमच्या लेआउटच्या वस्तीत ते ज्याच्या कानी पडलं नाही असं एकही घर नाही. सरकारी कचेरीतून मोठे बाबू म्हणून ते निवृत्त झाले. तिथे हाताखालची माणसं त्यांचं ऐकत, न ऐकून करतात काय! आता ऐकायला उरलो आम्ही दोघी. घरात त्यांच्या बायको इलाताई आणि कंपाउंडच्या अलीकडे मी.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण माहेर तळेगावचं, शेतकऱ्याचं. अंगणात कोंबड्या नसल्या की मला घर ओकंबोकं वाटतं. माझ्या कोंबड्यांत एक उघड्या मानेचा, मानेवर पीसही नसलेला कोंबडा आहे. दिसायला ध्यान, पण तोरा विचारू नका. बंडोपंतांचं आणि त्याचं पटत नाही. दोघांनाही पहाटेपासून बोलायचं असतं.

डॉक्टरांनी बंडोपंतांना अंडी खायला सांगितली आणि मग या गृहस्थांनी जी अक्कल पाजळली तिला तोड नाही. घराणं शाकाहारी, तेव्हा अंडंही शाकाहारी हवं. कोंबडीजवळ कोंबडा नसला की अंड्यात जीव नसतो, म्हणजे ते दुधासारखंच झालं, असा त्यांनी निवाडा दिला. एक गावरान कोंबडी आणली आणि तिला सक्तीचं ब्रह्मचर्य लावलं. माझा कोंबडा उडून जाऊ नये म्हणून मधल्या भिंतीवर पत्र्याच्या टिना ठोकल्या आणि वर मलाच बजावलं, "मॅडम, तुमच्या कोंबड्याला आवरा. आमची अंडी शाकाहारी आहेत."

मी ही गोष्ट वर्धेत भेटेल त्याला सांगितली. का सांगू नये?

इलाताईंनी मात्र जन्मात अंड्याला बोट लावलेलं नाही. बंडोपंतांचं आम्लेट मागच्या व्हरांड्यात, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या तव्यात, त्यांचं त्यांनीच करायचं. त्यांचा चमचा चुकून मोरीत आला तर इलाताई मोरीतली सगळी भांडी पुन्हा घासत. एवढीच काय ती त्यांची बंडखोरी. बाकी साडी कुठली नेसू, भाजीत गूळ घालू का, हेसुद्धा त्या नवऱ्याला विचारत.

मुलगा अभिराम पुण्याला. सून लीना, नात ईरा सात वर्षांची. मागच्या खेपेला ईरानं बैलाचं चित्र काढून आजोबांना दिलं, तर आजोबांनी लाल पेन घेऊन शिंगं दुरुस्त केली आणि खाली सही ठोकली. पोरगी रडली, लीना बोलली, बंडोपंतांनी तिचं माहेर काढलं. तेव्हापासून पुण्याहून कुणी फिरकलं नाही. इलाताई नातीला फोनमध्ये पाहायच्या आणि फोन ठेवला की पदर डोळ्याला लावायच्या. मला त्या माणसाचा असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

अशात संक्रांत झाली आणि कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली. पिसं फुगवून कोपरा धरला, जवळ गेलं की चोच मारायची. ईरानं ती फोनवर पाहिली.

"आजोबा, पिंकी पिल्लं देणार?" कोंबडीचं नाव तिनंच ठेवलेलं.

"देणार म्हणजे? देणारच!"

"मग पिल्लं निघाली की आपण जाऊ, हो ना बाबा?"

अभिराम म्हणाला, "बरं, जाऊ." हे मला सांगताना इलाताईंना धड बोलताही येत नव्हतं. नातीचं येणं आता त्या कोंबडीवर होतं.

बंडोपंतांनी टोपलीत भाताची तणीस अंथरली, विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून कोळसा आणि खिळा ठेवला, पिंकीचीच साठवलेली अंडी मांडली आणि तिला बसवलं. मी टिनांवरून मान काढून पाहत होते. राहवलं नाही.

"भाऊजी, कोंबड्याबिगर पिल्लं कशी निघतीन? तुम्हीच तं म्हणता, या अंड्यात जीव नाई म्हणून."

"मॅडम, खाण्याचा विषय वेगळा, उबवण्याचा वेगळा. दोन स्वतंत्र फायली आहेत. खरी गोष्ट आईची ऊब. तुम्ही इतिहास शिकवला, हे विज्ञान आहे."

अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? पालथ्या घड्यावर पाणी. तासातासाला कोंबडीला उठवून ते थर्मामीटर खुपसत. तिनं त्यांच्या बोटाचा लचका काढला तेव्हा तिच्याबद्दल माझा आदर वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इलाताई माझ्या दारात आल्या.

"बाई, तुमच्याकडची अंडी द्या. ज्यातून पिल्लं निघतील अशी."

"अवो, भाऊजीले खरं सांगून टाका ना."

"सांगून काय होणार? माझं कधी ऐकलं का त्यांनी? तिकडे पोरगी वाट पाहून राहिली. पिल्लं नाही निघाली तर ते लोक येणार नाहीत, बाई."

"पण तुम्ही अंड्याले हात लावान?"

"लावीन. मग आंघोळ करीन."

मी ताजी अंडी त्यांच्या पदरात घातली. बंडोपंत आत घोरत पडले होते, एवढंच एक सत्कार्य ते रोज न चुकता करतात. इलाताईंनी जुनी अंडी काढून कढीलिंबाच्या झाडाखाली पुरली आणि माझी ठेवली. पिंकीनं त्यांच्या मनगटाला रक्त काढलं. मग त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली आणि चहाला आधण ठेवलं.

पिल्लं निघाली. अभिराम, लीना, ईरा आले. आता बंडोपंतांना कोण आवरणार? रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून आत आणायचे आणि टोपली दाखवायचे. कोंबडा ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, हे त्यांनी पेपरवाल्यालासुद्धा समजावून सांगितलं. निम्म्या पिल्लांच्या माना उघड्या, थेट माझ्या कोंबड्यासारख्या. आंधळ्यालाही हातानं कळलं असतं. यांनी निदान केलं त्वचारोग, आणि त्या मानांना ते सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोळू लागले! इलाताई ईराची वेणी घालताना इतक्या खुशीत दिसत की मी दातांखाली जीभ धरून गप्प राहिले. माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

त्या दिवशी मी पिल्लांसाठी तांदळाच्या कण्या घेऊन गेले होते. बंडोपंत मागच्या व्हरांड्यात आम्लेट खात होते. पिंकी पिल्लांत गुंतलेली, म्हणून अंडी दुकानातली. पोल्ट्रीत कोंबडा नसतो, म्हणून तीही शाकाहारी. ईरा मांडीत एक पिल्लू घेऊन समोर बसली होती.

"आजोबा, ह्यात पण पिल्लू होतं?"

"छे! ह्यात जीवच नसतो. कोंबडा नव्हता ना तिथे."

"पिंकीजवळ पण नव्हता." पोरीनं हातातल्या पिल्लाकडे पाहिलं. "मग हे कुठून आलं?"

पहिल्यांदाच दोन्ही फायली कुणीतरी एकाच टेबलावर ठेवल्या होत्या. असल्या वेळी हा माणूस करतो तेच त्यानं केलं. ताट आपटलं आणि ओरडला, "मोठ्यांना उलट विचारतेस? हेच शिकवलं का तुझ्या आईनं?"

ईरानं पिल्लू छातीशी धरलं. लीना दारात येऊन उभी होती. अभिरामनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बॅग भर. संध्याकाळच्या गाडीनं निघू."

"थांब, अभि." इलाताई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. मग नवऱ्याकडे वळून स्पष्ट म्हणाल्या, "अंडी मी बदलली. ही बाईंच्या घरची पिल्लं आहेत. तुमच्या अंड्यांतून काही निघणार नव्हतं. पोरगी बरोबर विचारून राहिली. चूक तुमची आहे."

बंडोपंतांनी आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मग मिशी पुसली.

"मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "बोललो नाही, इतकंच."

"मग मानेला तेल का लावत होता?" ईरानं विचारलं.

आधी लीना हसली. मग अभिराम. मी तर केव्हाची तयारच होते. इलाताई पदर तोंडावर धरून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. बंडोपंतांनी ताट उचललं आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी हाक मारली नाही.

अभिरामनं बॅगेचं नाव पुन्हा काढलं नाही. इलाताईंनी हात धुतले, ईराला जवळ घेतलं आणि लीनाला म्हणाल्या, "उन्हाळ्यात हिला माझ्याजवळ ठेव. महिनाभर."

लीनानं अंगणाकडे पाहिलं. "आई, बाबांना विचारायचं नाही?"

"कशाला?" इलाताई म्हणाल्या.