बसायची जागा

गाव सोडून यवतमाळला कामाला आल्यापासून स्टँडजवळच्या या पंक्चरवाल्याला मी रोज पाहतो. बोलताना तो मान वर करत नाही, डोळे ट्यूबवरच. दारू सोडणाऱ्यांची सभा इथंच कुठं भरते असं ऐकलं होतं, पण तसं विचारायची लाज वाटली. म्हटलं, "काका, सगळे बसतात ते कुठं?"

"बसाले? तो काय समोर बार."

माझे पाय तिकडं वळलेसुद्धा.

"थांब बाप्पा!" पहिल्यांदाच त्यानं वर पाहिलं. माझे हात थरथरत होते. "प्याले बसाचं, का सोडाले?"

"सोडायला."

ट्यूब तशीच टाकून तो निघाला. बारसमोरून जाताना माझ्या आणि बारच्या मधून चालला. सभेच्या दारात म्हणाला, "जाय आत. तू बसेपर्यंत मी आहो इथंच."