खिट्टीचा आवाज

आर्डिथ स्टॅम्पर आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. हार्कर्स रन गावात चाळिशीच्या आतलं एकही माणूस असं नसेल, ज्याने तिच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव खाल्लेला नाही. उंच, रुंद खांद्यांची बाई. बोलणं तुटक. १९९०च्या एप्रिलमध्ये एका दुपारी ती वाचनालयात आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"लेटा, गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलायचं पुस्तक आहे का गं?"

"कुणाला हवंय?"

"मला."

"कुठल्या गाडीचं?"

"कुठल्या, ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. आम्ही समोरासमोर राहतो. ती तपकिरी स्टेशन वॅगन अडीच वर्षं तिच्या गॅरेजमध्ये चादरीखाली उभी होती, आणि ती तिथे कशी गेली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९८७च्या ऑक्टोबरमध्ये आर्डिथ बाजार करून आली. घरापर्यंतची वाट चढाची, आणि खाली रस्त्याला लागून पोस्टाची पेटी. तिने गाडी वर दारापाशी उभी केली, इंजिन बंद केलं, किल्ली नेहमीसारखी गाडीतच ठेवली आणि पिशव्या घेऊन आत गेली. तिचा नवरा व्हर्लिन खाली पेटीचा खांब सरळ करत होता. वाकलेला होता, पाठ घराकडे. गाडी आपोआप मागे सुटली.

ओरडणं ऐकून मी रस्ता ओलांडून धावले. दार उघडलं, गाडी हलावी म्हणून लिव्हर खेचला, आणि माझ्या नवऱ्याने व पोस्टमनने गाडी ढकलून बाजूला केली. व्हर्लिन तोवर गेला होता. शेरीफच्या माणसाने मला तीनदा विचारलं, "लिव्हर आधी कशावर होता?" तीनदा मी सांगितलं, "मी पाहिलं नाही." खरंच पाहिलं नव्हतं. हात पुढे गेला आणि लिव्हर खेचला, एवढंच. त्या हाताला काय जाणवलं ते आठवायचा मी किती प्रयत्न केला, त्याची गणती नाही.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. व्हर्लिनचा धाकटा भाऊ ऑरिन ताट हातात घेऊन आर्डिथसमोर उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "लिव्हर नीट वर, पार्कच्या P वर न्यायला असा किती वेळ लागतो गं?"

त्या दिवसापासून गावाने ठरवूनच टाकलं की आर्डिथने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. तिच्या तोंडावर कुणी म्हणायचं नाही. फक्त पार्किंगमध्ये ती जवळून गेली की बायका आपापल्या गाडीचा हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून बघायच्या. तिने गाडी चालवणं सोडलं. शाळेपर्यंतचे दोन मैल चालत जायची, बर्फातसुद्धा.

आणि तिला एक आवाज यायचा. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. त्या दिवशी ओट्यावर पिशव्या ठेवताना तिला खिडकीतून ऐकू आलं होतं, कट-कट-कट-कट. कुणी कुंपणाच्या गजांवरून काठी ओढत पळावं तसं. तिला वाटलं, व्हर्लिन काहीतरी करत असेल. तिने खिडकीतून पाहिलंही नाही. त्यानंतर भांडी घासताना, अंथरूण घालताना, शाळेत दोनशे पोरांच्या कलकलाटात तो आवाज यायचा आणि हातातलं काम थांबायचं. दोन उन्हाळे तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली नाही.

"मी लिव्हर P वर नेला होता की नाही, मला आठवत नाही, लेटा," ती म्हणायची. "रोज करतो ते कधी आठवतं का?" त्या दुपारी वाचनालयात पुढे म्हणाली, "P वर असूनही सुटते का, ते एकदा आत बघूनच घेते."

पुस्तक मी दुसऱ्या गावाच्या वाचनालयातून मागवून दिलं. तीन आठवडे ती ते पाककृतीसारखं वाचत होती. पेन्सिलने खुणा, कडेला टिपणं. मग मेच्या पहिल्या शनिवारी तिने चादर काढली.

मी दिवा धरायला गेले होते. तिने गाडी जॅकने उचलून चार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवली आणि प्रत्येक घोडीला खांदा लावून हलवून पाहिलं. मग खाली शिरली. तेल काढलं तेव्हा ते लाल असायचं ते तपकिरी निघालं, करपलेल्या पावासारखा वास. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा उतरवला. स्टार्टर, तारा, तेलाच्या नळ्या, एकेक सुटत गेलं. वरच्या दोन बोल्टपर्यंत हातच पोचेना. तिने पान्याला तीन कांड्या जोडल्या आणि पाठीवर पडून, डोळे मिटून, केवळ हाताच्या अंदाजाने ते काढले.

"डोळे का मिटतेस?"

"शाळेच्या भट्टीच्या मागचा बोल्ट असाच काढायचे. डोळे उघडे असले की हात चुकतो."

गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेलाने भरलेला जड लोखंडी भोपळा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तो घसरून पायावर आला तर पाय गेलाच. तिने तो दोरीने बांधला, पाव कापायच्या दोन फळ्या जॅकवर ठोकून पाळणा केला आणि दीड पोत्याचं ते धूड इंच इंच खाली आणलं. शेवटी जमिनीवर बसून ती धापा टाकत म्हणाली, "शाळेचं मोठं पातेलं जड आहे याच्यापेक्षा."

त्याच वेळी ऑरिन दारात आला. तो जिल्ह्याच्या रस्तेखात्यात ट्रकांचा मेकॅनिक. त्याने जमिनीवरच्या गिअरबॉक्सकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली.

"वेड लागलंय का तुला, आर्डिथ? ती गाडी भंगारात दे म्हणून मी किती दिवस सांगतोय. उद्या येऊन मीच ओढून नेतो."

"ओढायला नको. तुझा चांगला जॅक देतोस का?"

"त्यात काय मिळणार आहे तुला?"

"ते उघडल्यावर कळेल."

तो जॅक न देताच गेला. दुःख आहे त्याचं, आर्डिथ म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

पुढच्या शनिवारी दुपारी गिअरबॉक्स टेबलावर होता. लिव्हर P वर नेला की आत एक लोखंडी खिट्टी उचलली जाते आणि दातेरी चाकाच्या खाचेत बसते. मागची चाकं त्याने अडतात. आर्डिथला सगळ्यात आधी तीच बघायची होती. लिव्हरला जोडणारी बाहेरची पट्टी तिने P च्या जागी नेली आणि बॉक्सच्या मागून बाहेर आलेला आखूड दांडा दोन्ही हातांनी फिरवला. अडला. पुन्हा फिरवला. अडला. तिसऱ्यांदा तिने अंगाचा भार टाकला.

कट-कट-कट-कट.

तिने दांडा सोडला. मग मला म्हणाली, "तू फिरव. मी सांगेपर्यंत थांबू नकोस." आणि आत गेली. अडीच वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघराची खिडकी उघडल्याचा आवाज मी ऐकला. मी फिरवत राहिले. तिने थांब म्हटलंच नाही. हात भरून आले तेव्हा मी आत जाऊन पाहिलं, तर ती ओट्याची कड धरून उभी होती आणि नळ तसाच वाहत होता.

"हाच," ती म्हणाली. "लेटा, न्यूट्रलमध्ये असती तर गाडी गुपचूप गेली असती. हा आवाज खिट्टीचा आहे. बसत होती आणि निसटत होती. लिव्हर P वर होता गं. मी नेला होता."

मी तिला धरलं. आम्ही दोघी रडलो, आणि मला वाटलं, सुटली बिचारी.

पण तिने मागचा भाग खोलला, तेव्हा खिट्टीच्या मागच्या सळईवर एक स्प्रिंग निघाली. ही स्प्रिंग खिट्टीला दातांत दाबून धरते. पुस्तकातल्या चित्रात तिला अकरा वेढे होते. हिला सात. एक टोक पकडीने तोडलेलं, त्यावर हिरव्या रंगाचे पोपडे. कारखान्यातून अशी स्प्रिंग येत नाही. गिअरबॉक्स आधी एकदाच खोलला गेला होता, त्या अपघाताच्या आधीच्या उन्हाळ्यात, ह्याच गॅरेजमध्ये. खोलणारा व्हर्लिन, आणि मदतीला ऑरिन.

तीन आठवडे ती कुणाशी धड बोलली नाही. घासून गुळगुळीत झालेल्या क्लचच्या चकत्या बदलल्या, तेल गळू नये म्हणून नवी सिलं बसवली, सुटे भाग मफिनच्या साच्यांत ओळीने मांडले. मी एकदा विचारलं, आवाज थांबला का?

"जास्तच येतो. आधी माझ्यावर यायचा. आता व्हर्लिनवर येतो. मेलेल्या माणसाला काय म्हणू मी? घाई केलीस म्हणू? स्वतःच्या हाताने स्वतःला मारलंस म्हणू?"

नवी स्प्रिंग आली. गिअरबॉक्स परत चढवायला दोन दणकट माणसं लागतात आणि माझ्या नवऱ्याची पाठ गेलेली. तिने ऑरिनला फोन केला. जूनच्या एका रविवारी तो चर्चमधून तसाच आला, चकचकीत बुटांत. टेबलावर बशीत दोन्ही स्प्रिंगा होत्या. मी मागे खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"ही कुठे मिळाली?" आवाज एवढासा.

"आत. खिट्टीच्या मागे. व्हर्लिनने कुठून आणली होती, माहीत आहे तुला?"

तो रंगाच्या डब्यावर बसला.

"व्हर्लिनने नाही आणली. मूळची टेबलावरून उडाली. तासभर शोधली आम्ही. तो म्हणाला, उद्या दुकानातून आणू. मीच म्हटलं, अरे एवढ्याशा स्प्रिंगसाठी गाडी कशाला अडवून ठेवतोस. ट्रकच्या सामानातली एक हिरवी माझ्या खिशात होती. मी तोडली. मी बसवली. आम्ही ओढून पाहिलं आर्डिथ, धरत होती ती."

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. बातमी ऐकून आलो, पेटीपाशी उभा राहिलो, तेव्हाच ती स्प्रिंग आठवली."

"आणि तरी जेवताना तू मला ते बोललास."

"हो."

"का रे?"

"दुसरं कुणी माझ्याबद्दल काही बोलायच्या आत."

मला वाटलं, ती त्याला मारेल. हातात पान्याची कांडी होतीच. तिने ती खाली ठेवली, बशीतली जुनी स्प्रिंग उचलली, सळईवर चढवली आणि सगळं जागेवर बसवलं. मोजून दहा मिनिटं लागली.

"इकडे ये. हा दांडा धर. फिरव."

"आर्डिथ, नको."

"फिरव म्हणते ना."

त्याने फिरवला. दोनदा अडला. मग तो आवाज आला, आणि त्याला तो काय आहे ते सांगावं लागलं नाही.

"हे मी त्या खिडकीतून ऐकलं," ती म्हणाली. "तू ऐकलं नव्हतंस. आता ऐक."

तो फिरवत राहिला. ओठ घट्ट, नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकतंय, आणि दांडा सोडवेना. शेवटी तिनेच त्याच्या हातावर हात ठेवला आणि थांबवलं. नवी स्प्रिंग घालून झाकण लावलं. मग दाराकडे बोट करून म्हणाली, "बूट बदल. व्हर्लिनचे तिथे आहेत."

भावाचे बूट घालून तो गाडीखाली शिरला. संध्याकाळपर्यंत दोघं आडवे पडून होते. बोलणं कामापुरतंच. "डावीकडे घे." "भोपळा पूर्ण आत गेलाय का बघ." "थांब, माझं बोट."

पुढच्या शनिवारी गाडी बाहेर काढली. आर्डिथ चालवत होती, ऑरिन शेजारी, मी मागे. नदीच्या रस्त्याने जाऊन आलो. गिअर लोण्यासारखे बदलत होते. मग न विचारता तिने गाडी कब्रस्तानाच्या टेकडीवर घेतली. आमच्याकडे त्याहून उभा चढ नाही. मध्यावर थांबली, लिव्हर P वर नेला, इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला नाही. गाडी किंचित मागे सरली, ठक्क करून अडली.

ती उतरली आणि चालत गाडीच्या मागे गेली.

"आर्डिथ!" ऑरिन दाराबाहेर झेपावला. "बाजूला हो तिथून! हो बाजूला!"

तिने पाठ गाडीला टेकवली, हात छातीशी बांधले आणि खाली नदीकडे पाहत उभी राहिली. ऑरिन तिच्या शेजारी गेला. तिचा दंड धरून ओढू लागला, ती हलेना. मग तोही तिथेच, पाठ टेकवून उभा राहिला. मी आत बसून दोघांच्या पाठी मागच्या काचेतून बघत होते. लिव्हरकडे मात्र माझ्याने बघवेना. किती वेळ गेला सांगता येत नाही. गाडी जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑरिन चर्चच्या तळघरात जेवणाच्या वेळी उठला आणि सगळं सांगितलं. काहींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहींनी आजतागायत त्याच्याशी बोलणं टाकलंय. आर्डिथची माफी मात्र कुणी मागितली नाही. बायका फक्त तिच्यासाठी केक घेऊन आल्या. तिने ते शाळेतल्या पोरांना वाटून टाकले.

ती गाडी तिने आणखी नऊ वर्षं चालवली. आवाज पूर्ण गेला नाही. वाऱ्याच्या दिवशी अजून येतो म्हणते, पण आता ती खिडकी लावत नाही. ऑरिन महिन्यातून एकदा तिच्याकडे जेवायला येतो. आपली गाडी खाली रस्त्यावर, सपाटीला लावतो, मागच्या चाकांना दोन दगड देतो आणि पोस्टाच्या पेटीजवळून मान खाली घालून चालत वर जातो.