गाव बदललेली गोष्ट

गोष्ट छापून आली त्या रविवारी मी घराबाहेर पडले नाही. पेपरच्या पुरवणीत माझं नाव होतं, आणि आनंद व्हायचा सोडून मी दाराला कडी घातली. लिहिणारे लोक भाषणात सांगतात, कोऱ्या कागदाची भीती वाटते म्हणून. डोंबलाची भीती! कोरा कागद कुणाच्या घरी जाऊन चुगल्या करत नाही. मला भीती वाटते छापलेल्या कागदाची, आणि त्या दिवशी तो पडेगावात आमच्याच गल्लीत दारोदार पडला होता.

गोष्ट माझ्या मोठ्या जाऊबाईंची होती. आमची घरं शेजारी-शेजारी, मधे कंबरेएवढी भिंत. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर कुरडया घालत होतो, तेव्हा सोऱ्या फिरवता फिरवता, माझ्याकडं न बघता त्यांनी मला ती सांगितली. आई गेल्यावर त्यांच्या भावानं जमिनीच्या हक्कसोडीवर सही मागितली आणि माझ्या दिरांनी ती करू दिली नाही. तेव्हापासून भाऊबीजेला भावाचं बोलावणं बंद झालं. पण सासरी हसं होऊ नये म्हणून जाऊबाई दर दिवाळीत "माहेरी जाऊन येते" असं सांगून निघायच्या. गुलमंडीच्या बाजारात स्वतःच एक लुगडं घ्यायच्या, वेरूळची बस धरायच्या आणि घृष्णेश्वराच्या देवळापाशी संध्याकाळपर्यंत बसून राहायच्या. चार केळी खायच्या. घरी आल्या की पिशवीतून लुगडं काढून दाखवायच्या, "भावानं नेसवलं." आम्ही सगळ्या काठ चाचपून बघायचो. "पसंती लई चांगली हाय हां त्याची," असं मीसुद्धा म्हणाले होते.

हे ऐकल्यावर मला दुसरं काही सुचेना. भाकरी थापताना तेच, शाळेत पोरांची हजेरी घेताना तेच. शेवटी लिहिलं. पण जाऊबाईंना कुणी ओळखू नये म्हणून जिवाच्या आकांतानं सगळं बदललं. वेरूळचं पैठण केलं, जमिनीचं भांडण काढून लग्नातल्या मानपानाचं घातलं, जाऊबाईंना दवाखान्यात नर्स केलं. तेवढं स्वतः आणलेलं लुगडं राहू दिलं. ते काढलं असतं तर गोष्टीत राहिलं काय?

सोमवारी समोरच्या काकू फाटकाशी आल्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, "माझं तुला कुणी सांगितलं गं?"

"तुमचं काय, काकू?"

"आता साळसूद नको बनू. लुगड्याचं!"

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या रिटायर बाई भाजी घेताना गाठून म्हणाल्या, "मी काय पैठणला नव्हते बसत, मैत्रिणीकडं जात होते. लिहायचं तर नीट माहिती घेऊन लिहावं माणसानं." तिसरी एक तर फाटकाशी येऊन नुसतीच रडली. अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं आमची अख्खी गल्ली एकमेकींच्या भावांच्या पसंतीचं कौतुक करत होती, आणि पसंती जिची तिची होती.

ज्यांची गोष्ट होती त्या जाऊबाई मात्र आल्या नाहीत. एरवी संध्याकाळी भिंतीवरून हाक यायची, "चहा टाकलाय, ये." ती बंद झाली. पलीकडं त्यांची भांडी वाजायची, खोकला ऐकू यायचा, आणि मी अलीकडं कान देऊन उभी. वाचकांचे फोन आले, गोड वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते सगळे फोन घ्या आणि मला ती एक हाक द्या, असं मला होऊन गेलं होतं. आमचे हे म्हणाले, "जाऊन विचार की." कोणत्या तोंडानं जाऊ? मला माझ्याच घरात परक्यासारखं वाटत होतं.

मग एका दुपारी त्या आपणहून आल्या. हातात पुरवणी. स्वयंपाकघरात पाट ओढून बसल्या.

"भाऊजींनी वाचलं का हो?" मी आधी तेच विचारलं.

"त्यांना बाजारभावापुढं काय दिसतं?"

"ताई, रागावलात ना माझ्यावर?"

"रागावले तर!" त्यांनी 'पैठण'वर बोट ठेवलं. "मी कधी गं गेले हितं?"

"कुणाला कळू नये म्हणून बदललं, ताई. तुमच्यासाठीच."

"गाव बदललंस. भांडण बदललंस. मला सुया टोचायला लावलंस. आमच्या माहेरच्या दारातली चिंच तेवढी तरी ठेवायची." त्यांनी पुरवणी मांडीवर ठेवली. "आता त्याला कसं कळावं?"

"कुणाला?"

"माझ्या भावाला. तो पेपर वाचतो, पार जाहिरातीसकट. हे बी वाचलं असंल. कुणाची तरी बहीण हाय बिचारी म्हणून पान उलटलं असंल."

इतके दिवस मी मरत होते ते यांना कुणी ओळखेल म्हणून, आणि यांचं दुःख होतं की ओळखायच्या माणसानं ओळखलं नाही.

"दुसरी लिही," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "वेरूळ लिही. चिंच लिही. आई आमाला दोघांना एका ताटात वाढायची, ते लिही. आणि दिवाळीच्या आत छाप." जसं काही छापणं माझ्याच हातात होतं.

"आणि भाऊजी?"

"त्यांचं मी बघते."

मी चहा ठेवला. विचारू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही. "ताई, वाचूनसुद्धा त्यानं नाही बोलावलं तर?"

त्यांनी पुरवणीची घडी घातली.

"तर मी समजंन, त्या दिवशी त्याच्याकडं पेपर आला नसंल."