काटा बराबर हाय

शिबिराच्या गावात गाडी थांबली की आधी वजनकाटा उतरायचा आणि त्यावर पहिला चढायचा तो आमचा ड्रायव्हर. चपला काढून, श्वास रोखून, ताठ. काटा एकावन्नावर थांबला की म्हणायचा, "काटा बराबर हाय, साहेब. बलवा लोकायले."

धरमपेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी नोकरीला. शिबिरात वजन करणं, बीपी मोजणं आणि डोळे तपासायला आत जाण्याची चिठ्ठी देणं माझ्याकडे. त्याच्या वजनावरून आम्ही काटा तपासायचो. काट्यावरून त्याला कधीच नाही.

बीपी शंभर-साठ. त्याचा त्याला कोण अभिमान! माझ्या पोटाकडे बघून म्हणायचा, "हलकी गाडी लंबी चालते, साहेब. तुमचं इंजन गरम होऊन राहिलं."

आता सांगूनच टाकतो. डॉक्टर मॅडमचा हुकूम होता, चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आत पाठवा. पण रांग लांब असायची, डबे थंड व्हायचे. मी माझा नियम काढला. जाड माणूस, वाढलेल्या बीपीचा माणूस, त्याला चिठ्ठी. हडकुळ्याला म्हणायचं, "तुले काय होते गा? जाय घरी." काचबिंदू म्हणजे डोळ्यातल्या दाबाचा आजार, ज्याच्या अंगातच दाब नाही त्याच्या डोळ्यात कुठून येणार? तुमच्याही ओळखीत असा शहाणा एखादा असेलच.

एकदा काटोलहून परतताना तो म्हणाला, "साहेब, डाव्या अंगानं लोकं एकदम काहून येऊन राहिले? पयले दिसत नाही, मंग भसकन समोर." त्या महिन्यात गाडीचा डावा आरसा दोनदा फुटला होता. त्याची पन्नाशी उलटली होती. चिठ्ठ्यांचं पुडकं माझ्या मांडीवर होतं.

"खात जा गा जरा," मी म्हणालो. तो हसला.

मग भिवापूरचं शिबिर. गावाआधी रस्त्याच्या डाव्या कडेला मिरची वाळत घातलेली. लालभडक, खोलीएवढा पट्टा. भरदिवसा, कोरड्या रस्त्यावर, त्यानं गाडी सरळ त्या मिरचीवरून नेली. आम्हाला सगळ्यांना ठसका लागला. मिरची राखत बसलेल्या बाईनं पाय ओढून घेतला, म्हणून वाचला.

"डोळे फुटले काय गा तुह्ये? माहा पाय गेला असता ना!"

तो खाली उतरला, चाकाकडे बघत राहिला. "मिरची? कुठं होती मिरची?"

थट्टा करतोय असं मला वाटलं. मग त्याचा चेहरा पाहिला, आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

उरलेला रस्ता गाडी मी चालवली. शिबिराच्या शाळेत मॅडमनी त्याला सगळ्यांत आधी बसवलं. दोन्ही डोळे दोनदा तपासले. मग म्हणाल्या, "डोळ्यातला दाब नॉर्मल आहे. पण नस सुकलीय. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेली, उजव्याचीही जायला लागलीय."

"पण मॅडम, हा तर किती बारीक. बीपीही कमी," मी म्हणालो.

"म्हणूनच तर भीती. लठ्ठ माणसाला, वाढलेल्या बीपीला धोका असतो, खरं आहे. पण अंगावर मांस नाही आणि बीपीही खाली, अशा माणसाच्या डोळ्याच्या नसेपर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही. दाब नॉर्मल असला तरी काचबिंदू होऊ शकतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हा रोज आपल्यासोबत असतो. याला कधी आत पाठवलं नाही?"

आता तो काटोलला लेकीकडे असतो. उरलेली नजर टिकावी म्हणून डोळ्यांत थेंब घालतो. गेलेली परत येत नाही. नवा ड्रायव्हर काटा उतरवतो आणि बाजूला होतो. चिठ्ठी मी आता सगळ्यांना देतो. पण मॅडमच्या त्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं, ते आजवर कोणाला सांगितलं नाही.

मी म्हणालो, "तोच टाळायचा, मॅडम."



"हो मॅडम," तो म्हणाला, "मीच टाळलं."

आणि मला शोधायला त्यानं मान वळवली. आधी उजवीकडे, मग दाराकडे. मी त्याच्या डाव्या खांद्याशी उभा होतो, हात लावता येईल इतका जवळ.