आत्याची तोंडी परीक्षा

भिवंडीत मोठ्यानं बोलणं हे वाईट वळण नाही, ती गरज आहे. आमच्या भिंतीपलीकडे कापड विणणारे बारा लूम चालायचे आणि आमची आत्या त्या बाराही लूमना गप्प बसवल्यासारखी बोलायची. हीच बाई लकवा मारल्यावर मुकी झाली. हातपाय दोनेक महिन्यांत सावरले, पण वस्तूंची नावं हरवली. मीठ समोर दिसायचं, त्याला मीठ म्हणतात हे आठवायचं नाही. त्याची तिला इतकी लाज वाटे, की कुणी भेटायला आलं की ती भिंतीकडे तोंड करून निजायची. डॉक्टर म्हणाले, बोलल्या नाहीत तर आहे तेही जाईल.

मी तेव्हा सायबर कॅफेत बसून नको नको ते वाचायचो. तिथं एक यादी सापडली. साध्यासुध्या गोष्टींची अशी इंग्रजी नावं, जी साहेबालाही येत नसावीत. मला नाटक सुचलं.

रविवारी आत्याचा धाकटा भाऊ, आमचा काका, वडप्याहून आला. गोडाऊनला जागा भाड्यानं दिल्यापासून तो पांढरेशुभ्र बूट घालायचा. दारात बसून तो बुटाची नाडी सोडत होता, तोच मी मास्तरासारखा पुढे उभा राहिलो.

"काका, नाडीच्या टोकाला हे प्लास्टिक असतं, त्याला काय म्हणतात?"

"टोक."

"नापास. अॅग्लेट. बरं, नाक आणि ओठाच्या मधली ही पन्हळ?"

काकानं बोटानं चाचपलं. "हितं मिशी असते."

"फिल्ट्रम. आणि नखातला हा पांढरा चंद्र?"

काका दहाही नखं निरखत बसला. "पन्नास वर्सं वागवतोय, कुनी सांगितलंच न्हाय."

खाट करकरली. आत्या कुशीवर वळून बघत होती. ओठाचा एक कोपरा अजून पडलेला, दुसऱ्यानं ती हसत होती.

"येवढं पन..." ती अडली. आम्ही दोघं हललो नाही. "येवढं पन येत न्हाय तुला?"

काका बूट हातात धरून रडायला लागला. टोमणा खाऊन इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे येईल त्याला आम्ही नापास करत गेलो. एका दुपारी शेजारच्या वहिनी आल्या. आत्याला काहीतरी हवं होतं आणि शब्द येईना. पण या वेळी ती भिंतीकडे वळली नाही. रिकामा कप उचलून, माझ्यासारखी मान ताठ करून तिनं विचारलं, "ह्याला काय म्हनतात?"

वहिनी गोंधळल्या. "कप, आत्या."

"आन ह्याच्यात काय असतं?"

"चहा."

"पास," आत्या म्हणाली. "आता घेऊन ये."